पाचवा पेला

त्या वर्षी आमच्या घरात ‘पाहिजे’ ह्या शब्दावर मी बंदी घातली होती. काही पाहिजे असेल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: ह्याच्यावाचून अडतं का? अडत असेल तर बोल, नसेल तर गप जेव. कायदा करणारी मी, तो मोडणारी माझी दोन पोरं, आणि मध्ये पेपर तोंडापुढे धरून बसलेला नवरा. पेपर वाचून झाला तरी तो खाली ठेवायचा नाही, कारण खाली ठेवला की कुणाची तरी बाजू घ्यावी लागायची.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला कारकून पाहिजेत म्हणून नवऱ्याची नांदेडहून बदली झाली. मलाही इथल्या एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायची नोकरी लागली. बढती नाही, पगारवाढ नाही, वर दुष्काळ. माझं माहेर मुदखेडचं, नोकरी-संसार नांदेडला. उघडला नळ की गोदावरीचं पाणी, ही माझी सवय. लातुरात आठ दिवसांनी नळ यायचा, तोही तासभर, करंगळीएवढी धार. मधले सात दिवस टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचं, नाहीतर गाडीवाल्याकडून घागरीवर पैसे मोजून पाणी घ्यायचं. जिल्हा मोठा झाला म्हणून सगळे पेढे वाटत होते आणि मी तोंड धुतलेलं पाणी बादलीत जमवत होते.

भाड्याची खोली मिळवताना तर नाकी नऊ आले. घरमालक आधी आडनाव विचारायचे. आम्ही बौद्ध. आडनाव कळलं की खोली कालच दिलेली असायची. तीन ठिकाणी असं झालं. पोरं विचारायची, “आई, ती खोली चांगली होती की, का नाही घेतली?” मी सांगायचे, हवा खेळती नव्हती. चौथ्या ठिकाणी एका रिटायर पोस्टमननं काही न विचारता किल्ली हातात दिली. तिथं खरंच हवा नव्हती, पण त्यावर पोरांनी काही विचारलं नाही, बरंच झालं.

पोरांना हे सगळं सांगायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. नवऱ्याचं लहानपण निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. तिथं त्यानं काय काय सोसलं ते लग्नानंतर एकदा मला सांगितलं होतं, आणि मी म्हणाले होते, “आपल्या लेकरांच्या कानावर हे घालायचं न्हाई. त्यांना कशाला पाहिजे?” तो बरं म्हणाला. तो नेहमीच बरं म्हणतो.

तर पोरं. मुलगी दहावीला, मुलगा आठवीला. दोघांचंही डोकं दुष्काळात वेगळंच चालायचं. बाकी काही उगवत नव्हतं, ह्यांच्या मागण्या तेवढ्या जोरात उगवायच्या. पोराला बॅट पाहिजे. “गल्लीत सगळ्यांकडं आहे.” “सगळ्यांकडं आहे तर त्यांच्याच बॅटीनं खेळ की.” “ते मला शेवटी देतात.” “मग शेवटी खेळ.” रुसून माळवदावर जाऊन बसायचा आणि खाली येताना तहान लागली म्हणून पुन्हा अर्धा तांब्या रिचवायचा.

पोरीला घड्याळ पाहिजे. मनगटी, पांढऱ्या तबकडीचं, बारीक पट्ट्याचं.

“परीक्षेत वेळ कळायला नको?”

“घंटा वाजते.”

“घंटा तासाला वाजते आई, मला मिनिटं पाहिजेत.”

“आमच्या वेळेला मिनिटं नव्हती का? तरी पास झालो.”

“तू सेकंड क्लास होतीस.”

घ्या! असं तोंड चालायचं तिचं. शाळेत मी नववीच्या पोरींना गरज आणि हौस ह्यावर धडा शिकवायचे. फळ्यावर मधोमध रेघ मारायची, इकडं गरजा लिहायच्या, तिकडं हौशी. चाळीस पोरी माना डोलवून उतरवून घ्यायच्या. घरातली दोन माझ्याच तोंडावर तो फळा पुसायची. रिबीन ही गरज आहे, कारण केस सुटले की बाई ओरडतात. सर्कस ही गरज आहे, कारण निबंधात येऊ शकते. वकील व्हायला पाहिजे होतं दोघांनी!

एका रविवारी माझा संयम संपला. टँकरच्या रांगेतून दोन घागरी घेऊन घामानं निथळत आले, तर ही दोघं अख्खी बादली घेऊन पायऱ्या धुवायला बसलेली. का, तर मैत्रिणी येणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जे तोंडात आलं ते बोलले. मग पोरीला पुढ्यात बसवलं आणि म्हणाले, “आजपासून पाण्याचा कारभार तुझ्याकडं. गाडीवाल्याला महिन्याचे किती पैसे जातात ते तुला माहीत आहे. त्यातले जेवढे वाचवशील तेवढे तुझे. घड्याळ घे नाहीतर हत्ती घे.”

मला वाटलं, आठ दिवसांत हात टेकेल. टेकले मीच.

पोरगी बदलली. काल ‘पाहिजे पाहिजे’ करणारी आज घरावर पाळत ठेवून बसली. माझाच प्रश्न माझ्यावर. “आई, दुसऱ्यांदा चहा? अडतं का?” “बाबा, दाढी रोज केली न्हाई तर अडतं का?” भावाच्या हातातला तांब्या काढून घ्यायची आणि अर्धा पेला मोजून द्यायची. पोहे भिजवलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं संडासाला. नवरा एका सकाळी दाढी न करता कचेरीत गेला, तेव्हा मला हसूही आलं आणि अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू? शाळेत पोरींना सांगितलंसुद्धा, माझ्या मुलीकडून शिका.

पेल्यांचा नियम मात्र माझा. पाणी पिण्यात कमी जातं, पेले विसळण्यात जास्त, हे माझ्या लक्षात आलं होतं. मग मी लग्नातल्या डझनभर स्टीलच्या पेल्यांपैकी चार खाली ठेवले आणि आठ जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकले. चार माणसं, चार पेले. ज्याचा त्यानं वापरायचा आणि रात्री एकदाच धुवायचा. सगळ्यांवर नवऱ्याचंच नाव घातलेलं, म्हणून ओळखायला बुडाशी रंगाचा ठिपका दिला. माझा लाल, पोरीचा हिरवा, असं. शेजारणीनं ती युक्ती बघून माझं लई कौतुक केलं. पाहुणा आला तर काय, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. दुष्काळात कोण पाहुणा येतो?

पण आला. म्हणजे आली. आक्का.

आक्का नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही दोघं तिला आक्का म्हणायचो, पोरं आत्या. ऐन तिशीत तिचा नवरा गेला, मूलबाळ नाही. माहेरी परत आली आणि लोकांच्या रानात खुरपायला जाऊन धाकट्या भावाला शिकवलं. माझा नवरा मॅट्रिक झाला तो तिच्या हातच्या भाकरीवर. कचेरीत खुर्चीवर बसतो तो तिच्यामुळं. हे तो दर दोन-चार महिन्यांनी बोलून दाखवायचा आणि मग दस्ती काढून नाक पुसायचा. आता तिचं वय झालं होतं, रानात काम राहिलं नव्हतं. निराधार बायांना सरकार महिन्याला पैसे देतं, आमच्याकडं त्याला पगारच म्हणतात, तो मंजूर करून घ्यायचा होता. नवीन जिल्ह्यात कागद आले होते, पण गठ्ठे सुटायचे होते. त्यासाठी तिला निलंग्याहून एसटीनं लातूरला खेपा घालाव्या लागणार होत्या. अर्थातच तिचा मुक्काम आमच्याकडं. दुसरं कोण होतं तिला?

ती पहिल्या खेपेला आली तो दिवस मी विसरत नाही.

शनिवार, सकाळची शाळा. दुपारी मी घराकडं आले. ऊन असं, की डोळे उघडवत नव्हते. पायऱ्यांपाशी आले आणि जागीच थांबले. आमच्या उंबऱ्याबाहेर आक्का उकिडवी बसली होती. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरलेली. आणि माझी पोरगी उंबऱ्याच्या आत उभी राहून तांब्यातून तिच्या ओंजळीत वरून पाणी सोडत होती. बारीक धार, जपून, एक थेंब इकडंतिकडं न होऊ देता.

आक्का गटागटा पीत होती. प्यायली, ओला हात तोंडावरून फिरवला, पदरानं पुसला. मान वर केली नाही.

पोरीनं मला पाहिलं आणि हरखून म्हणाली, “आई, बघ, थेंब सांडला न्हाई! पेला पण विसळायला नको!”

त्या पोरीला काही माहीत नव्हतं. तिचा हिशेब सरळ होता. घरात चार पेले, चारही उष्टे. पाचवा माळ्यावर. विसळायचा तर पाणी जाणार. माणसाला पाणी लागतं, पेला लागत नाही. ह्याच्यावाचून अडतं का? नाही अडत. तिनं आत्याला म्हटलं, ओंजळ करा. आणि साठीतली ती बाई ओंजळ करून उकिडवी बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. तिचे गुडघे आपोआप वाकले होते, कारण तिच्या गावात लहानपणापासून तिनं पाणी असंच प्यायलं होतं. वाण्याच्या दारात, पाटलाच्या वाड्यामागं, रानाच्या बांधावर, उंच धरलेल्या तांब्यातून. भांडं बाटू नये म्हणून.

आणि आता भावाच्या दारात.

मी पोरीच्या हातातला तांब्या हिसकावला. “अक्कल कुठं गहाण टाकलीस? लाज न्हाई वाटली? सटवे, आत्या आहे ती तुझी!” अजून बरंच बोलले. पोरगी पांढरीफटक. आपलं काय चुकलं तेच तिला कळेना, आणि मी सांगायला तयार नव्हते. ओरडत होते नुसती. खरं तर ज्या बाईवर ओरडायला पाहिजे होतं ती मीच होते, पण माणूस स्वतःवर ओरडत नाही, पोरांवर ओरडतो.

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. “तिला कशाला बोलायलीस माय? पाणी दिलं की लेकरानं. गार होतं.”

“आक्का, आत या. बसा. मी जेवायला—”

“न्हाई, जाते कचेरीत. साहेब उठून जाईल.”

“जेवून जा हो. मी पेले काढते माळ्यावरचे, आत्ता काढते.”

“कशाला गं? तुमच्याकडं पाण्याचं लई हाल हाय. मला कळतंय की.”

पिशवी काखेत मारून ती निघाली. चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी पाय धरले असते. ती चिडलीच नाही. गल्लीच्या टोकापर्यंत मी बघत राहिले, तिनं एकदा मागं वळून पोरीला हात केला.

संध्याकाळी नवरा आला. चपला काढता काढता म्हणाला, “कागदावर आक्काचा अंगठा आज झाला न्हाई, पुढच्या महिन्याची तारीख दिली. मुक्कामाला राहा म्हणलो तर न्हाईच म्हणाली, पाचच्या गाडीनं गेली. जेवून आली होती ना इथं?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पेल्यांचा नियमसुद्धा. त्यानं दुसरी चप्पल काढलीच नाही. एक पाय उघडा, एका पायात चप्पल, असा भिंतीला टेकून बसला. मग पोरांना बोलावलं आणि मी इतकी वर्षं जे सांगू दिलं नव्हतं ते सांगितलं. आवाज न चढवता. गावातल्या हाटेलात त्यांच्यासाठी छपरात खोचून ठेवलेली वेगळी कपबशी. प्यायल्यावर ती स्वतः धुऊन पुन्हा खोचायची. पैसे फेकायचे, हातात द्यायचे नाहीत. आणि विहिरीवर तास न् तास उभं राहायचं, कुणाला दया येईल आणि वरून ओतेल म्हणून. लहानपणी ताप आलेला असताना आक्का त्याला कडेवर घेऊन अशी उभी होती. पाणी मिळालं ते तिच्या ओंजळीत, आणि तिनं आपल्या ओंजळीतून त्याला पाजलं.

“धम्म घेतल्यावर तिनं एकच गोष्ट सोडली,” तो म्हणाला. “ओंजळीनं पाणी प्यायचं. पेला दिला न्हाई तर उपाशी, तहानलेली परत यायची, पण प्यायची न्हाई. आज प्यायली.”

पोरगी उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्याखाली बसून तोंडात ओढणी कोंबून रडली. मी जवळ गेले तर म्हणाली, “तू मला सांगितलं का न्हाईस? सांगितलं असतं तर मी केलं असतं का?”

शाळेत फळ्यावर रेघ मारणारी बाई मी. ही गोष्ट पोरांना माहीत असायची गरज नाही, असं मीच ठरवून ती टाकून दिली होती. आणि वर त्या पोरीला पाण्यामागं पैशाची लालूच लावली होती.

आता एकच धास्ती होती. पुढच्या महिन्यात आक्का येणार होती, अंगठ्यासाठी येणं भागच होतं. पण घरी येईल का? तिचा स्वभाव आम्हाला ठाऊक. ती भांडणार नाही, बोलणार नाही. नुसती सरळ स्टँडवरून कचेरीत जाईल, लिंबाखाली बसेल, तहानलेली, उपाशी, आणि काम झालं की पाचची गाडी. मग दिवाळीला बोलावलं तर गुडघे दुखतात म्हणेल. असं करत करत एक दिवस माणूस तुटतं. नवऱ्यानं कार्ड टाकलं: ‘आधी घरी ये.’ उत्तर आलं नाही. उत्तर लिहून देणारं कुणी लागतं, हे खरं, पण एरवी ती कुणाकडून तरी लिहून घ्यायची. तो महिनाभर नीट जेवला नाही. मला एका शब्दानं बोलला नाही, तेच जास्त लागत होतं.

माळ्यावरचे आठ पेले मी त्याच रात्री खाली काढले होते. घासून फळीवर मांडले. मग एका दुपारी पोरगी कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. उघडलं तर नवा कोरा पेला. जाड बुडाचा, काठाला नक्षी, हातात घेतला तर वजन लागत होतं. माझं डोकं फिरलं. सवय जाते का इतक्यात?

“डझनभर पेले पडलेत घरात आणि तू अजून एक आणलास? कशाच्या पैशानं?”

“घड्याळाच्या.”

“सगळे?”

“सगळे न्हाई. थोडे उरलेत.”

मी पेला फिरवून बघितला. टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. आक्काचं. नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, आडनाव, अख्खं, पेल्याला वेढा घालून. पोरगी सांगत होती, दुकानदारानं विचारलं नाव काय घालू, तर मला माहीतच नाही. आत्या एवढंच माहीत. परत येऊन बाबांच्या पिशवीतला आत्याच्या पगाराचा कागद बघितला, त्यावरून उतरवून घेतलं. पंधरा वर्षांची पोरगी, आणि तिला सख्ख्या आत्याचं नाव ठाऊक नव्हतं. त्यावरही मला काही बोलता येईना.

पण गप बसेन तर मी कसली! “अगं, नाव घालणारा अक्षरागणिक पैसे घेतो. नुसतं नाव घातलं असतं तर अडलं असतं का?”

“हो,” ती म्हणाली. “अडलं असतं.”

एवढंच. एरवीसारखी वाद घालत बसली नाही. फळीवर आमच्या पेल्यांच्या रांगेत तो पेला पालथा घातला आणि अभ्यासाला गेली.

तारखेच्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. पोरांनीही दांडी मारली, मी काही बोलले नाही. नवरा कचेरीत. निलंग्याची पहिली गाडी साडेनवाला येते. दहा वाजले. साडेदहा झाले. पोरगी दर दोन मिनिटांनी दारात. पोराला स्टँडवर पाठवलं, तो परत आला, “गाडी कधीच आली. आत्या न्हाई दिसली.” मी म्हणाले, संपलं. सरळ कचेरीत गेली. नवऱ्याला काय तोंड दाखवू असं झालं. पोरगी उंबऱ्यावरच बसली, मी उठ म्हटलं तरी उठेना.

पावणेअकराला आक्का गल्लीच्या तोंडाशी दिसली. स्टँडवरून चालत, वाटेत सावली बघून बसत बसत येत होती. पोरगी उठून धावलीच, पण तिच्यापाशी पोचल्यावर काय बोलावं कळेना, नुसती पिशवी घेऊन मागं मागं आली.

आक्का दारापाशी आली. आत आलीच नाही. उंबऱ्याबाहेर टेकली, पोरीकडून पिशवी मागून घेतली, आत हात घातला आणि एक जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पेला बाहेर काढला. जुना, पोचे आलेला, तिच्या घरचा. पोरीपुढं धरला.

“हे घे माय. ह्याच्यात दे. माझा मी धुऊन ठेवीन पिशवीत. तुला विसळायला नगं.”

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी झेलला असता. ती बाई महिनाभर विचार करून आली होती, की भावाच्या घरी आपल्यामुळं पोरीला बोलणी बसली, पाणी कमी आहे, तर आपला पेला आपण न्यावा. ज्या बाईनं आयुष्यभर वेगळ्या कपाचा तिटकारा केला, तिनं भावासाठी, भाचीसाठी स्वतःचा वेगळा पेला निलंग्याहून काखेत मारून आणला होता.

पोरीनं तो पेला तिच्या हातातून घेतला. आत गेली. माठातून नवा पेला काठोकाठ भरला, इतका, की येताना सांडत होता. चांगला घोटभर सांडला, पायावर, उंबऱ्यावर. तिनं खाली बघितलं नाही. “आत या आत्या,” म्हणाली. “आत बसून प्या.” आणि दुसऱ्या हातानं आक्काच्या दंडाला धरून तिला उठवलं, आत आणलं, नवऱ्याच्या लोखंडी खुर्चीवर बसवलं.

आक्कानं पेला दोन्ही हातांत घेतला. प्यायची थांबली. अंगठा त्या टिंबांवरून फिरला. तिला वाचता येत नाही.

“हे काय लिवलंय गं, गोल गोल?”

“तुमचं नाव.”

“माझं?” तिनं पेला डोळ्यांजवळ नेला. “कुठून कुठपर्यंत?”

पोरीनं तिचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत काठाभोवती फिरवून आणलं. आक्का बघत राहिली. मग सगळं पाणी एका दमात प्यायली आणि रिकामा पेला मांडीवर ठेवून म्हणाली, “लई पैसे गेले असतील. कशाला गं लेकरा? गरज नव्हती.”

“होती,” मी म्हणाले. माझा आवाज नको तेवढा मोठा आला. “गरजच होती, आक्का. चूक माझी आहे, पोरीची न्हाई. मीच तिला शिकवलं न्हाई.”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मग पोरीला म्हणाली, “अजून दे थोडं.”

त्या दिवशी अंगठा झाला. पगार सुरू व्हायला पुढं अजून दोन खेपा लागल्या. दहावीच्या परीक्षेला पोरगी बापाचं घड्याळ घालून गेली, मनगटावर बांगडीसारखं फिरायचं ते, आणि बाप तीन आठवडे लोकांना वेळ विचारत हिंडला. पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी आक्का जेवून, मुक्काम नको म्हणत पाचच्या गाडीला निघाली, तेव्हा पोरीनं नवा पेला पुसून तिच्या पिशवीत घातला. आक्कानं तो काढून परत तिच्या हातात दिला. स्वतःचा पोचे आलेला पेला मात्र आठवणीनं पिशवीत टाकला.

“ह्यो राहू दे हितंच, तुमच्यात,” ती म्हणाली. “माझं नाव हाय त्याच्यावर. प्यायला यावंच लागंल मला.”